मे महिन्याचा आकडा

सन 2025 च्या माघ महिन्यातील गोष्ट. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस जो अवर्षणाचा टापू आहे, त्यातील एका खेड्यात एका विहिरीच्या थारोळ्याशी मी कॉलेजच्या दहा-बारा विद्यार्थ्यांसमवेत उभा होतो. अध्यापनातून निवृत्त होऊन मला तेव्हा अकरा वर्षे लोटली होती; पण माझा एक जुना विद्यार्थी आता भूगोलाचाच अध्यापक आहे, आणि "सर, गाव तुमच्या पायाखालचे आहे, बरोबर चला," असा त्याचा आग्रह पडल्यामुळे मी गेलो होतो. मुले मोबाइलवर प्रश्नावली भरून घेत होती. इतक्यात साठी ओलांडलेली एक बाई डोक्यावरील पदर सावरीत पुढे आली, तिने मला क्षणभर न्याहाळले आणि म्हणाली, "तुमी मागं बी आला व्हता न्हवं? तवा केस काळं व्हतं तुमचं."

मी होय म्हटले.

"तवा तुमच्या पोरांनी माझ्या हिरीत टेप सोडली व्हती अन् वहीत लिवून घेतलं व्हतं. काय लिवलं व्हतं वो?"

प्रश्न अगदी साधा होता; पण मला त्याचे उत्तर देता येईना. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आकडा मी विसरलो, एवढीच लाज असती तर ती सहन करता आली असती. खरी लाज निराळीच होती. तो आकडा तिला सांगावयाचा असतो, ही गोष्ट मला त्या वेळी सुचलीच नव्हती. आणि पुढेही, सेवानिवृत्तीच्या समारंभात विद्यार्थ्यांनी माझ्या क्षेत्रपाहणीची तोंड भरून स्तुती केली तेव्हासुद्धा, ती सुचली नाही.

1996 च्या डिसेंबरात तृतीय वर्षाच्या बावीस विद्यार्थ्यांना घेऊन मी या गावी सात दिवस राहिलो होतो. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम, सकाळी मारुतीच्या देवळापुढे श्रमदान, दुपारी घरोघर हिंडणे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तक्ते भरणे, असा आमचा क्रम असे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि भूगोलाची पाहणी अशी दोन कामे मी एकाच खर्चात उरकून घेतली होती, हेही येथे कबूल करतो. गावाने आमचे फार केले. रोज सायंकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरून भाकऱ्यांची चवड येई, आणि कोरड्यास काय हवे म्हणून मुलांस विचारले जाई. आम्ही एकशे चाळीस घरांची माहिती घेतली, एकोणीस विहिरी मोजल्या, नकाशे काढले. पुढे त्याचा तांबड्या कापडी बांधणीचा एक टंकलिखित अहवाल झाला. त्याच्या दोन प्रती निघाल्या. एक परीक्षकांकडे गेली आणि दुसरी विभागाच्या कपाटात राहिली. परीक्षकांनी आलेखाच्या समासाविषयी एक प्रश्न विचारला आणि उत्तम गुण दिले. तिसरी प्रत काढून गावाकडे धाडावयास फार तर ऐंशी-शंभर रुपये लागले असते. ते खर्च झाले नाहीत याचे कारण पैशांची चणचण नव्हे. तिसऱ्या प्रतीस वाचक आहे असे आम्हा कोणासही वाटले नाही.

हा माझ्या एकट्याचा दोष असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण सांप्रत या प्रकारास पदवीच्या अभ्यासक्रमातच स्थान मिळत आहे, म्हणून हे चव्हाट्यावर आणावेसे वाटले. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, सदतीस विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात वर्षाकाठी एकशे वीस तासांची सेवा असते आणि सात दिवसांचे शिबिर असते. परंतु ती अभ्यासाच्या बाहेरची. वर्गात अर्थशास्त्र वा रसायन शिकावे आणि सुटीत खेड्यात जाऊन रस्ता करावा. त्या रस्त्याचा रसायनाशी संबंध नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही भिंत पाडण्याचे ठरले. महाराष्ट्रातील नव्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास तीस तास, दोन असतील तर साठ. म्हणजे आता ज्या बाईच्या विहिरीत टेप सोडावयाची, तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत प्रत्यक्ष भर पडणार. मग त्या व्यवहारात तिच्या पदरात काय पडते, हे विचारण्याचा अधिकार तिला पूर्वीपेक्षा अधिकच पोहोचतो.

कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची जी पाहणी केली, ती 1917 साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेत पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. मी विद्यार्थी असताना ते पुस्तक ग्रंथालयात बसून वाचले आणि थक्क झालो. 1771 साली त्या गावी सरासरी जमीनधारणा 40 एकर होती. 1915 च्या सुमारास ती 7 एकरांवर आली होती. एका गावाचे दप्तर चाळून, बांधाबांधाने हिंडून, घरोघर कर्जाची चौकशी करून माणसाने किती सांगावे! पुढे 1921 साली मॅन आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. माझ्या साऱ्या उद्योगाचे मूळ या दोन पुस्तकांत आहे. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले आहे, आणि जेथे एकरांचे तुकडे मोजले तेथे चौरस फुटांचा भाव निघतो. पण ती पुस्तके इंग्रजीत होती. ज्यांच्या कर्जाचे आकडे त्यांत आहेत त्यांच्यापैकी कितीजणांच्या हाती ती पडली असतील, हा प्रश्न मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवताना एकदाही विचारला नाही. गुरूचे गुण घ्यावेत तसे त्याच्या काळाचे दोषही आपण नकळत घेतो, त्यातला हा प्रकार.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. मुंबईस नागपाड्यात 1936 साली समाजकार्याचे जे पदव्युत्तर विद्यालय निघाले, आणि जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले, त्याचा जन्मच मुळी वस्तीतील एका सेवाकेंद्राच्या कुशीत झाला. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने आठवड्यातील ठरावीक दिवस वस्तीत काम केलेच पाहिजे, हा दंडक त्या विद्येत तेव्हापासून रुळला. पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेत 1985 साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तेथील विद्यार्थी कर्जतच्या बाजूस पाणीयोजनांचा अभ्यास करीत हिंडले, आणि नळाला पाणी का येत नाही हा गृहिणीचा प्रश्न अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होऊ शकतो हे दिसून आले. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम मांडले ते विद्यापीठाच्या बाहेर; पण एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या त्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांना कार्यकर्त्या करून. मराठीच्या पदवीस बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या ओव्या लिहून घेतल्या आणि त्या आजीलाच वाचून दाखविल्या, तर तो समाजसहभाग नव्हे काय? हा विषय केवळ भूगोल आणि शेती यांचा आहे, असे समजून भाषेचे अध्यापक अंग काढून घेतात, ते मला पसंत नाही.

असो. मी पुण्यास परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेलो. विभाग दोनदा नव्या इमारतीत हलला होता. कपाटाची किल्ली सापडावयास एक दुपार गेली आणि अहवाल सापडावयास दुसरी. तो नकाशांच्या गुंडाळ्यांखाली होता. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण आकडे शाबूत होते. विहीर क्रमांक 11. दिनांक 15 डिसेंबर 1996. एकूण खोली 11.2 मीटर. काठापासून पाण्याची पातळी 3.4 मीटर. त्यापुढे एका विद्यार्थ्याच्या सुरेख अक्षरात शेरा होता : 'पाणी मुबलक.'

फाल्गुनात मी पुन्हा गेलो, या खेपेस अहवालाच्या पाच प्रती घेऊन. मंडळी देवळात जमली. मी एकेका विहिरीचे वाचन मोठ्याने सांगू लागलो. 'मीटर' म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने मला थांबवून "परसात सांगा," म्हटले. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. त्या टापूत विहिरीची खोली अजून जुनी माणसे परसातच मोजतात. मी मनात हिशेब करून सांगितले, आणि अकरा क्रमांकाच्या विहिरीशी आलो. बाई पुढेच बसली होती. शेजारी तिचा मुलगा उभा होता.

तिला हा आकडा का हवा होता, ते तेव्हा उलगडले. मुलाने शेतात दोन बोअर घेतले होते. पहिले काही वर्षे चालून आटले, दुसरे कोरडेच गेले. आता तिसऱ्याचा विचार चालला होता आणि त्यासाठी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज पडला होता. बाईचे म्हणणे असे की, आसपास बोअर होण्यापूर्वी ही विहीर आकितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कधी आटत नसे. तेव्हा आणखी खोल जाण्यापेक्षा विहिरीकडे पाहावे, ओढ्यातील बंधाऱ्याचा गाळ काढावा. मुलगा म्हणे, "आई, तुला आठवतं ते लहानपणीचं. पाऊसच तवा जास्त व्हता." दोघांचेही म्हणणे अशक्य कोटीतले नव्हते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. विहीर त्या थरावर जगते. शेजारी खोल बोअर गेले की त्या भेगांतील पाणी खाली ओढले जाण्याचा संभव असतो. पण प्रत्येक विहीर त्यामुळेच आटते असे नाही, पाऊसमान आणि उपसा हीही कारणे असतात. निवाडा करावयाचा तर जुने उन्हाळी वाचन पाहिजे. बाईला वाटले, कॉलेजची माणसे मोजून गेली आहेत, त्यांच्या कागदात ते असेलच.

ते नव्हते. आमच्याजवळ होता तो डिसेंबरचा आकडा, आणि डिसेंबरात कोणतीही विहीर शहाण्यासारखी वागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्यातील मे महिन्याचे वाचन हे खरे परीक्षेचे. हे मी स्वतः वर्गात शिकवीत असे. मग गेलो का डिसेंबरात? कारण शिबिरे डिसेंबरात होतात. मार्चमध्ये प्रात्यक्षिके, एप्रिलमध्ये लेखी परीक्षा, आणि मे महिन्यात आम्ही सुटीवर. ज्या महिन्यात खेड्याला विद्येची गरज असते, नेमक्या त्या महिन्यात विद्यापीठ कुलूप लावून गावी जाते.

"म्हंजी यात न्हाई," बाई म्हणाली. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

या प्रसंगाची हकीकत मी माझ्या एका विद्वान स्नेह्यास सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "विद्यापीठाचे काम मुलांना शिकविण्याचे आहे. विहिरी दुरुस्त करण्याचे नव्हे. त्यासाठी सरकार आहे." या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. वीस वर्षांच्या पोरांनी साठ तासांत गावाचा उद्धार करावा अशी अपेक्षा धरणे हा त्या पोरांवरही अन्याय आहे आणि गावावरही. पण शिकणे म्हणजे तरी काय? माझ्या त्या बावीस विद्यार्थ्यांना उत्तम गुण मिळाले, आणि 'पाणी मुबलक' हा शेरा डिसेंबरात लिहिणे किती पोकळ आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही कळले नाही. मलाही कळले नाही. परीक्षकांना कळले नाही. ते एका निरक्षर बाईच्या एका प्रश्नाने कळले. तेव्हा अहवाल गावात परत नेण्याने गावाचे हित होवो न होवो, भूगोलाचे तरी होते. आपला आकडा ज्याच्या कामाचा आहे तो माणूस समोर बसलेला असला की, आकडा लिहिताना हात निराळाच चालतो.

म्हणून सहभाग हा शब्द खरा करावयाचा तर प्रश्न गावाने घातला पाहिजे, निदान गावाला विचारून घातला पाहिजे. आणि उत्तर गावच्या भाषेत, गावच्या मापात परत गेले पाहिजे. सध्या होते ते पुष्कळ ठिकाणी याच्या उलट. प्रश्नावली शहरात तयार होते. विद्यार्थी एका दिवसात चाळीस घरे 'करतात'. शेवटी ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासाठी रांग लागते. शिक्का मिळाला की सहभाग झाला. झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचा प्रकल्प गावाचे नाव बदलून पुढल्या वर्षी बाहेर पडतो, ही गोष्ट अध्यापकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक आहे. यात विद्यार्थ्यांनाच दोष देणे मला जड जाते. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकास वर्गातील तासाचे पैसे मिळतात, एस. टी.त बसून घालविलेल्या तासांचे, किंवा सरपंचाची वाट पाहत पारावर बसण्याचे नाहीत. आणि गावच्या माणसाने आपली खुरपणी सोडून अर्धा दिवस प्रश्नांची उत्तरे दिली, त्याचे तास तर कोणत्याच वहीत मांडले जात नाहीत.

गुण देण्यापूर्वी अहवाल ग्रामसभेत वाचला जावा, असे मला वाटते. गुण ग्रामसभेने द्यावेत काय, याविषयी माझे मन अद्याप दोलायमान आहे. ज्याच्या घरी भाकरी खाल्ली त्याने नापास कसे करावे? खेड्याचा स्वभाव असा की, वाईट अहवालासही ते हार घालून निरोप देतील. पण वाचन तरी व्हावे. आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकात मे महिन्यातील चार दिवस या कामास मोकळे असावेत. हे काही अशक्य नाही. क्रिकेटच्या सामन्यांसाठी आपण परीक्षा पुढे-मागे करतोच.

त्या वर्षीचे गुण एप्रिलच्या मध्यावर विद्यापीठाकडे रवाना झाले. 30 एप्रिल 2025 रोजी अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी माझ्या शिष्याच्या वर्गातील एक मुलगा आणि एक मुलगी, कोणी न सांगता, स्वखर्चाने एस. टी.ने त्या गावी गेली. मला आदल्या रात्री फोन आला म्हणून मीही गेलो. बाईने अंगणात पितरांसाठी पाण्याचा करा भरून ठेवला होता. आम्हाला आधी जेवावयास बसविले, मग विहिरीवर नेले. टेपचे एक टोक मुलीने सोडले, दुसरे बाईच्या मुलाने धरले. पाणी 9.8 मीटरवर होते. म्हणजे तळाशी जेमतेम दीड मीटर. मुलाने घरातून रंगाचा डबा आणून विहिरीच्या आतल्या दगडावर ती पातळी आणि तारीख रंगविली. बाई काठावर बसून म्हणाली, "आटली न्हाई. पर उरली बी न्हाई."

मेअखेर पुन्हा मोजावयाचे ठरले होते. ते पावसाने होऊ दिले नाही. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी पावसाने धिंगाणा घातला आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईस येऊन थडकला, इतक्या लवकर तो नोंदीत कधी आला नव्हता. विहीर ज्येष्ठाआधीच भरू लागली. तिसरे बोअर मुलाने त्या वर्षी घेतले नाही. पतसंस्थेने कर्ज नाकारले हेही त्याचे एक कारण आहे. सगळे श्रेय आमच्या टेपने घेणे बरे नव्हे.

निघताना बाई मुलीस म्हणाली होती, "एका सालानं काय कळतंय पोरी? फुडल्या आकितीला ये." मुलीने लगेच मोबाइलवर पाहिले. 2026 साली ही तिथी 19 एप्रिलला येते, अकरा दिवस आधी. आणि उन्हाळ्यात उपसा चालू असता विहिरीला अकरा दिवस थोडे नव्हेत. परतीच्या एस. टी.त तिने मला विचारले, "सर, तुलना करायची तर तिथीने मोजायचे की तारखेने?" मी म्हटले, तूच ठरव. शिरूर येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "दोन्ही. तिथीला आजींसाठी, आणि तीस तारखेला आलेखासाठी."